परदेशी निघालेला कॅमेरा

आमचे एक स्नेही हैदराबादेत काचीगुड्यास राहतात. काही वर्षांपूर्वी ते आपल्या मातोश्रींना घेऊन इंग्लंडला गेले. मातोश्रींची धाकटी बहीण लग्न होऊन तिकडेच स्थायिक झालेली. दोघी बहिणींची गाठ कितीतरी वर्षांनी पडावयाची होती. स्नेह्यांना जुन्या फिल्म-कॅमेऱ्याचा नाद आहे. त्यांनी आपला ‘मामिया आरबी ६७’ हा कॅमेरा बरोबर घेतला. भिंगासह हे यंत्र अडीच किलोंच्या घरात जाते आणि एका रोलवर चित्रे निघतात ती अवघी दहा.

परत निघताना विमानतळावर हातातील सामानाचे वजन झाले. मर्यादा ७ किलोंची आणि पिशवी भरली त्याहून जड. स्नेह्यांनी विचार केला : कॅमेरा नाजूक, महागाचा, तो हातीच असू द्यावा. चित्रे काढून झालेले बारा रोल मात्र त्यांनी मोठ्या पेटीत घालून विमानाच्या पोटात रवाना केले. कॅमेरा सुखरूप घरी आला. रोल धुतले तेव्हा चित्राचित्रावर करड्या लाटांसारखे पट्टे उमटलेले दिसले, आणि दोघी बहिणींचे चेहरे त्या पट्ट्यांआड गेलेले होते. पुढे वर्षभरात मातोश्री निवर्तल्या.

यात विमानतळाचा दोष नाही आणि यंत्राचाही नाही. हातात काय धरावे आणि हातावेगळे काय करावे, याचा निवाडा तेवढा उलटा झाला. त्या निवाड्याविषयीच आज आपणांशी बोलावयाचे आहे.

हा निवाडा हैदराबादला नवा नाही. राजा दीनदयाळ यांनी १८८० नंतरच्या दशकात सिकंदराबादेत आपली चित्रशाळा थाटली. त्या काळी प्रत्येक चित्राला एक स्वतंत्र काच लागे. लाकडी कॅमेरा, त्याची तिपाई आणि काचांनी भरलेल्या पेट्या हा सारा संसार बरोबर घेऊन छायाचित्रकाराला मुलूख हिंडावा लागे. कॅमेरा मोडला तर एखादा कुशल सुतार तो दुरुस्त करू शकेल. परंतु प्रकाशाची मोहर उमटलेली काच फुटली तर तो क्षण पुन्हा कोण घडवून आणणार? दीनदयाळांच्या हजारो काचा जपल्या गेल्या म्हणूनच, १९०५ साली ते वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८९ मध्ये, त्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राला विकत घेता आल्या. सहाव्या निजामांच्या काळचे हैदराबाद आज आपणांस दिसते ते त्या काचांतून.

दुसरे उदाहरण आपल्या दादासाहेब फाळके यांचे. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदविली. ते स्वतः एप्रिलच्या आरंभी परतले. यंत्रसामग्री मागाहून मे महिन्यात मुंबईस पोचली. माणूस एका वाटेने, सामान दुसऱ्या वाटेने. यंत्राला हा उशीर सोसतो. फिल्मची गोष्ट निराळी. ती छिद्रे रात्रीच्या काळोखात पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. प्रकाशाचा एक कवडसा आत आला तरी माल वाया जावयाचा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, त्यामागे काळोखातील ही राखण होती.

आता काळोखाची राखण पुरत नाही, कारण शत्रू बदलला आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. प्रकाशाने त्या क्षारांत जो अदृश्य बदल होतो, तो रसायनांत धुतल्यावर चित्ररूपाने प्रकट होतो. परंतु हे क्षार प्रकाशाइतकेच क्ष-किरणांनाही दाद देतात. डबी कितीही घट्ट मिटलेली असो, क्ष-किरण तीतून आरपार जातात. म्हणून कोरी फिल्म आणि चित्रे काढलेली परंतु न धुतलेली फिल्म, या दोहोंनाही धोका सारखाच. एकदा धुतलेल्या फिल्मला मात्र क्ष-किरणांची मुळीच बाधा होत नाही.

विमानतळावर किरणांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेट्या तपासणारी यंत्रे फार प्रखर असतात. त्यांच्यातून न धुतलेली फिल्म एकदाही जाऊ देऊ नये. हातातील सामानाची जुन्या धर्तीची यंत्रे त्या मानाने सौम्य असतात. आयएसओ ८०० पेक्षा कमी वेगाच्या फिल्मला त्यांतून चारदोन फेऱ्या सोसतात. परंतु प्रत्येक फेरीचा परिणाम साठत जातो, आणि वाटेत विमान बदलावयाचे असेल तर फेऱ्या वाढतात. अलीकडे पुष्कळ विमानतळांवर हातातील सामानासाठीही सीटी पद्धतीची यंत्रे आली आहेत. ती पिशवीची सर्व बाजूंनी चित्रे घेतात. त्यांच्यापासून कमी वेगाची फिल्मही दूरच ठेवावी. शिशाचे अस्तर लावलेल्या पिशव्या बाजारात मिळतात, पण त्यांवर सर्वस्वी विसंबू नये. तपासनिसाला पडद्यावर नुसता काळा ठिपका दिसला की तो पिशवी पुन्हा यंत्रात घालणार, नाहीतर उघडणार.

मग उपाय कोणता? पहिला उपाय विनंतीचा. सारे रोल खोक्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवावेत, तासभर आधी पोचावे आणि हाताने तपासणी करावी अशी सौम्यपणे विनंती करावी. अमेरिकेत प्रवाशाला अशी विनंती करता येते; इतरत्र बहुधा अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. दुसरा उपाय अधिक खात्रीचा : फिल्म परदेशातच विकत घ्यावी आणि परतण्यापूर्वी तेथेच धुऊन घ्यावी. चार पैसे जास्त पडतील, परंतु येताना हाती असतील त्या निर्धोक निगेटिव्ह.

चलच्चित्रे घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी. १६ मिलिमीटर फिल्मची १०० फुटांची गुंडाळी पावणेतीन मिनिटांत संपते. ३५ मिलिमीटरच्या १००० फुटांतून मिळतात जेमतेम अकरा मिनिटे. साहजिकच डब्यांची चवड वाढते, आणि हे डबे उजेडात उघडून दाखविता येत नाहीत. डब्यावर तशी ठळक सूचना चिकटवावी, आणि आत हात घालून काळोखात डबा चाचपता येईल अशी काळी पिशवी जवळ बाळगावी.

आता सामानाची वाटणी सोपी होते. पहिला मान न धुतलेल्या फिल्मचा; ती सदैव हाती. दुसरा कॅमेऱ्याचा आणि भिंगांचा. सुट्या लिथियम बॅटऱ्याही नियमाप्रमाणे हातातील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपेक्षा मोठ्या असतील तर विमानकंपनीची आगाऊ संमती घ्यावी. तिपाई, दिवे, तारा ही सारी मंडळी कपड्यांत गुंडाळून खुशाल मोठ्या पेटीत जावीत. आणखी एक गोष्ट हैदराबादच्या उन्हाळ्याची : मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत फिल्म ठेवून शमशाबादची वाट धरू नये. उष्णतेनेही फिल्म बिघडते.

शेवटचे ओझे कागदांचे. तेही हलके समजू नये. महागाचा कॅमेरा येथून नेला आणि परत आणला, तर तो परदेशात घेतलेला नाही हे कशावरून, असा प्रश्न येथल्या जकात-अधिकाऱ्याने विचारल्यास उत्तर हवे. त्यासाठी निघतानाच विमानतळावरील कस्टम्सकडून ‘एक्सपोर्ट सर्टिफिकेट’ घ्यावे. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते आणि तिचा क्रमांक नोंदविला जातो; म्हणून पेटी विमानकंपनीच्या हवाली करण्यापूर्वीच हे काम उरकावे.

चित्रपटाचे पथक मोठ्या सरंजामासह निघाले तर ‘एटीए कार्ने’ नावाची सोय आहे. ही व्यवस्था १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून निघाली. कार्ने म्हणजे सामानाचा पासपोर्टच म्हणा ना. प्रत्येक वस्तूची त्यात यादी असते, आणि आलेला माल तसाच परत जाईल या हमीवर करारातील देश त्यावर जकात घेत नाहीत. भारतात हा दस्तऐवज फिक्की ही संस्था देते. त्याची मुदत एक वर्षाची. यादीतील एखादी वस्तू परत आली नाही तर जकात भरावी लागते, म्हणून प्रत्येक सीमेवर शिक्के बिनचूक घ्यावेत.

या साऱ्या खटाटोपात एक सूत्र विसरू नये. यंत्राची किंमत पावतीवर छापलेली असते. ते हरवले तर विम्याचे पैसे मिळतात, मोडले तर दुसरे घेता येते. फिल्मच्या डबीवर मात्र तिची खरी किंमत कोठेच लिहिलेली नसते. आत कोणाचा चेहरा आहे यावर ती ठरते.

काचीगुड्याच्या आमच्या स्नेह्यांनी पुढे एकदा घरच्या तराजूत बारा रोल घालून पाहिले. अर्धा किलोही भरले नाहीत. कोटाच्या दोन खिशांत ते सहज मावले असते. आता ते प्रवासास निघतात तेव्हा तो कोट उन्हाळ्यातही बरोबर घेतात.