पाणबुडी नकली, आठवण खरी

आई-बाबा रत्नागिरीहून म्युनिकला आले. चर्च, बागा पाहून झाल्यावर त्यांना २५ नंबरच्या ट्रामनं गायझलगास्टाइगच्या बवारिया स्टुडिओत नेलं. वोल्फगांग पीटरसन यांच्या १९८१ च्या 'दास बूट' सिनेमासाठी बांधलेली पाणबुडी तिथे जपली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या 'यू-९६'ची ती प्रतिकृती.

वाकून आत शिरलो. नळ्या, चाकं, भिंतीला चिकटलेले बंक. एवढ्याशा जागेत पन्नासेक माणसं! शूटिंगच्या वेळी हा सांगाडाच गदागदा हलवत. जर्मन पाणबुड्यांवरच्या सुमारे ४०,००० जणांपैकी ३०,००० परतले नाहीत, हे ऐकून आई हळहळली.

बाबा मात्र गप्प. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझे चुलत आजोबा गोऱ्यांच्या मालवाहू बोटीवर खलाशी होते. भट्टीत कोळसा टाकायचे. अशाच पाणबुडीनं ती बोट बुडवली." कोकणातले असे कितीतरी खलाशी त्या युद्धात समुद्रात गेले, गावी फक्त तार आली.

रात्री घरी तो सिनेमा लावला. जळत्या जहाजावरची माणसं पोहत येतात. पाणबुडी त्यांना न घेताच मागे सरते. मी हा प्रसंग आधीही पाहिला होता. पण पाण्यातल्या चेहऱ्यांकडे या वेळी पहिल्यांदाच नीट पाहिलं.