अळिंबीच्या खोलींतील हवापालट

धान्याचें पेव पुष्कळ महिन्यांनीं उघडलें म्हणजे जाणता शेतकरी त्यांत लागलीच उतरत नाहीं. तोंड मोकळें करून तो थांबतो, आंतील हवा बदलूं देतो आणि मगच माणूस खालीं सोडतो. कोंडलेली हवा प्राण घेते, हें त्यास वाडवडिलांपासून ठाऊक आहे. परंतु तोच शेतकरी बटन अळिंबीसाठीं वातानुकूलित खोली बांधतो, तेव्हां विजेचें बिल पाहून तो खोलीच्या झडपा लावून घेतो व फटींत चिंध्या कोंबतो. पुढें देठ लांबलेली, टोपी बारीक राहिलेली अळिंबी हातीं आली म्हणजे तो बियाण्यास दोष देतो. दोष पुष्कळदां बियाण्याचा नसून हवेचा असतो.

हवा बदलावी तर थंडावा जातो, आणि थंडावा राखावा तर हवा कोंडते, असा हा पेंच आहे. त्यांतून सोडविणारें एक यंत्र आतां मिळतें. बाजारांत त्यास ‘ईआरव्ही’ म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास हवापालट-यंत्र म्हणूं. तें कसें चालतें, निर्धोकपणें कसें बसवावें आणि बिघडल्यास दोष कोठें शोधावा, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

हवा कां बदलावी लागते

अळिंबी हिरव्या पिकांप्रमाणें उन्हावर आपलें अन्न तयार करीत नाहीं. ती, व ज्या कंपोस्टवर ती वाढते तेंही, आपल्याप्रमाणेंच श्वसन करून कार्बन डायऑक्साइड वायु सोडतें. या वायूस पुढें कर्बवायु म्हणूं. बाहेरच्या मोकळ्या हवेंत दहा लाख भागांत तो सुमारें ४२० भाग असतो. बियाणें पेरल्यावर त्याचे तंतू कंपोस्टमध्यें पसरतात, तो सुमारें दोन आठवड्यांचा काळ खोली २२ ते २५ अंश सेल्सियसवर ठेवतात. त्या वेळीं कर्बवायु वाढला तरी पिकाचें बिघडत नाहीं, व बाहेरची हवा घेण्याचें कारणही नसतें. परंतु केसिंगची माती घालून तंतू तींत वर आले म्हणजे सर्व पालटतें. मग उष्णमान १५ ते १८ अंशांवर आणावें लागतें, आर्द्रता शेंकडा ८५ ते ९० राखावी लागते, आणि कर्बवायु दहा लाखांत १००० भागांच्या खालीं ठेवावा लागतो. तो त्याहून फार वाढला तर टांचणीच्या डोक्याएवढे अंकुर कमी धरतात. जे धरतात त्यांचे देठ हवा शोधीत लांबावे तसे लांबतात व टोपी लहान राहते. असा माल बाजारांत उतरत्या भावानें जातो.

माणसाचीही गोष्ट अशीच आहे. आठ तास काम करणाऱ्या मजुरासाठीं दहा लाखांत ५००० भाग ही मर्यादा मानली जाते. तंतू पसरण्याच्या काळांत बंद खोली ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून अशा खोलींत शिरण्यापूर्वीं दारें उघडून पंख्यानें हवा बदलावी, आणि डोकें जड झालें किंवा दम लागला तर ताबडतोब बाहेर यावें. हा नियम मालकानें स्वतः पाळावा व गड्यांकडून पाळून घ्यावा.

यंत्राची रचना

यंत्राच्या पेटींत दोन पंखे असतात. एक खोलींतील वापरलेली हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा आंत घेतो. दोन्ही हवा एका गाभ्यांतून जातात. गाभा म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ पडद्यांची चळत. तींत एका फटींतून जाणारी हवा व शेजारच्या फटींतून येणारी हवा यांची भेट होत नाहीं, परंतु पडद्यांतून एकीची ऊब दुसरीस मिळते. पडदा योग्य जातीचा असेल तर ओलावाही पलीकडे जातो.

हिशेब करून पाहूं. वैशाखांत बाहेर ३८ अंश व खोलींत १७ अंश आहेत; अंतर २१ अंशांचें. गाभा शेंकडा ६० गुणाचा असेल तर सुमारें साडेबारा अंशांची उष्णता तो परत बाहेर घालवितो, आणि ताजी हवा ३८ ऐवजीं साडेपंचवीस अंशांवर थंड करणाऱ्या यंत्रापाशीं पोंचते. ओलाव्याचेंही तसेंच. उन्हाळ्यांतील कोरड्या हवेस खोलींतील ओल परत मिळते. पावसाळ्यांतील दमट हवेंतील कांहीं ओल बाहेर जाणारी हवा घेऊन जाते, व थंड करणाऱ्या यंत्रास तितकें पाणी पिळून काढावें लागत नाहीं. हें यंत्र स्वतः थंडावा निर्माण करीत नाहीं, हें मात्र विसरूं नये. जो थंडावा आपण पैसे देऊन विकत घेतला, तो उधळूं न देणें एवढेंच त्याचें काम आहे.

कोणतें यंत्र घ्यावें

कचेऱ्यांसाठीं केलेलीं पुष्कळ यंत्रें कागदाच्या गाभ्याचीं असतात. अळिंबीच्या खोलींतील शेंकडा ९० आर्द्रतेंत कागद भिजतो, फुगतो व त्यावर बुरशी चढते. म्हणून धुतां येईल असा, पाण्यानें न बिघडणारा पडदा असलेला गाभा मागावा. आणि किती आर्द्रतेपर्यंत यंत्र चालतें हें विकणाऱ्याकडून लेखी घ्यावें. फिरत्या चाकाचा गाभा आमच्या कामास बरा नव्हे. बाहेर टाकलेल्या हवेचा थोडा अंश चाकाबरोबर परत आंत येतो, आणि तींत रोगट बीजाणु असूं शकतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा गाभा टिकाऊ असतो, परंतु तो केवळ उष्णता वळवितो, ओलावा वळवीत नाहीं.

बसवितांना घ्यावयाची काळजी

यंत्र छताच्या कैच्यांस किंवा स्लॅबला लोखंडी गजांनीं टांगावें व मध्यें रबराच्या गाद्या द्याव्या. खोलीच्या फोमभरल्या पॅनेलवर त्याचा भार टाकूं नये. ज्या बाजूनें फिल्टर व गाभा बाहेर निघतो त्या बाजूस गाभा पुरता ओढून काढण्याइतकी जागा मोकळी ठेवावी. ही जागा न ठेवल्यामुळें वर्षभर फिल्टर धुतलाच नाहीं, असें पुष्कळ ठिकाणीं घडतें.

ताजी हवा घेण्याचें तोंड आणि वापरलेली हवा टाकण्याचें तोंड यांत निदान १० फूट अंतर असावें. तीं निरनिराळ्या भिंतींवर असल्यास उत्तम. घेण्याचें तोंड कंपोस्टच्या ओट्याजवळ, शेणखताच्या उकिरड्याजवळ किंवा जनित्राच्या धुराड्याजवळ नसावें. कंपोस्टचा अमोनिया व तेथील माशा थेट पिकावर येतील, आणि जनित्राचा धूर तर माणसासही घातक आहे. दोन्ही तोंडांवर खालीं वळलेली टोपी व उंदीरपांखरें अडविणारी जाळी बसवावी, आणि बाहेरचे नळ बाहेरच्या बाजूस किंचित उतरते ठेवावे; म्हणजे आषाढांतील वाऱ्यापावसाचें पाणी आंत शिरणार नाहीं.

थंड हवा वाहणाऱ्या प्रत्येक नळास बाहेरून उष्णतारोधक वेष्टण द्यावें व त्याचे सांधे चिकटपट्टीनें बंद करावे. उघड्या थंड नळास माठाप्रमाणें घाम सुटतो, आणि तें पाणी विजेच्या जोडावर ठिबकतें. पावसाळ्यांत व थंडीच्या रात्रीं गाभ्यांतही पाणी सुटतें. तें काढून देणारी नळी उतारानें न्यावी व तिला वांकडा गळा ठेवून त्यांत पाणी भरलेलें ठेवावें. असा गळा नसेल तर पंखा नळींतूनच हवा ओढतो आणि पाणी पेटींत तुंबतें.

ताजी हवा थेट वाफ्यांवर सोडूं नये. ती थंड करणाऱ्या यंत्राच्या परत-हवेच्या तोंडाशीं द्यावी, म्हणजे तेथें थंड होऊन छताखालच्या भोंकें पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळींतून ती सारखी पसरते. आंत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षां किंचित अधिक ठेवावी. याची परीक्षा सोपी आहे: दार लावून त्याच्या फटीशीं पेटती उदबत्ती धरावी. धूर बाहेर ढकलला गेला तर ठीक. आंत ओढला गेला तर त्याच वाटेनें अळिंबीच्या माशाही आंत येत आहेत असें समजावें.

विजेविषयीं

ओल्या खोलींत वीज क्षमा करीत नाहीं. यंत्रासाठीं स्वतंत्र जोडणी, नीट भूसंपर्क आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारें आरसीसीबी हीं तीनही असावींत. हें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावें. चालू-बंद करण्याची कळ ओल्या खोलीबाहेर, परंतु यंत्र जेथून दिसतें अशा जागीं लावावी. पेटी उघडण्यापूर्वीं कळ बंद करून फ्यूज काढून तो आपल्या खिशांत ठेवावा. आपल्याकडे वीज केव्हां जाते व केव्हां येते याचा नेम नसतो. वीज नाहीं म्हणून बेसावधपणें पंख्यांत हात घातला आणि तेवढ्यांत ती आली, तर बोटें जातात. वीज बंद केल्यावरही मोटारीच्या कपॅसिटरमध्यें भार शिल्लक असतो. त्याच्या जोडांस हात लावूं नये. शिडी धरण्यास दुसरा माणूस असल्याखेरीज वर चढूं नये.

तक्रारी व त्यांचीं कारणें

१. देठ लांबतात, कर्बवायु उतरत नाहीं. प्रथम बाहेरची जाळी पाहावी. तीवर पाला, कोळिष्टकें किंवा उडून आलेली प्लॅस्टिकची पिशवी बसलेली सांपडते. नंतर फिल्टर, नंतर झडप पुरती उघडते कीं नाहीं तें पाहावें. हें सर्व ठीक असूनही वायु उतरत नसेल तर गाभा फाटला असावा, अथवा त्याच्या कडेची पट्टी निसटून टाकलेली हवा परत आंत येत असावी.

२. थंड करणारें यंत्र पूर्वींपेक्षां अधिक चालतें. तीन ठिकाणचें उष्णमान घ्यावें: बाहेरचें, खोलींतील, आणि ताज्या हवेचें गाभ्यांतून निघाल्याबरोबरचें. बाहेर ३८, खोलींत १७ व गाभ्यापुढें २५ आलें, तर २१ पैकीं १३ अंशांचें काम होत आहे, म्हणजे शेंकडा ६२. गाभा ठीक आहे. २५ ऐवजीं ३१ आलें तर काम शेंकडा ३३ वर आलें; गाभा मळला आहे किंवा बाहेर टाकणारा पंखा मंदावला आहे. ताज्या हवेचा पंखा मंदावला असतां मात्र हा हिशेब उगाच चांगला दिसतो. म्हणून आधीं हवा पुरेशी येते याची खात्री करावी.

३. पेटींतून पाणी ठिबकतें. नळी तुंबली आहे, गळा कोरडा पडला आहे, किंवा पेटी उताराच्या उलट कलली आहे. पाणी पेटीबाहेरून सुटत असेल तर वेष्टण कोठें तरी फाटलें आहे.

४. पंखा गुणगुणतो पण फिरत नाहीं. व्होल्टेज कमी आहे किंवा कपॅसिटर गेला आहे. तसाच चालू ठेवल्यास मोटार जळते. लागलीच बंद करावा.

५. थरथर किंवा खडखड होते. पंख्याच्या पात्यांवर मळ एका बाजूस चढला आहे, किंवा टांगण्याचा नट सैल झाला आहे.

६. कुबट वास येतो. गाभा ओला राहून त्यावर बुरशी आली आहे, किंवा वांकड्या गळ्यांतील पाणी आटून मोरीची हवा वर येत आहे.

निगा

आमच्या मतें पीक चालू असतां फिल्टर दर आठवड्यास पाहावा. उमललेली अळिंबी असंख्य तपकिरी बीजाणु सोडते व तेच फिल्टरमध्यें बसतात; म्हणून टोपीचा पडदा फाटण्यापूर्वीं तोडणी करणें पिकास व यंत्रास दोहोंसही हितकर आहे. हे बीजाणु छातींत गेल्यास फुप्फुसाचा विकार होतो. फिल्टर नेहमीं खोलीबाहेर व नाकातोंडास चांगला मास्क लावून झाडावा. पीक संपल्यावर खोलीस ६५ ते ७० अंशांची वाफ देतात किंवा फॉर्मेलिन वापरतात. त्यापूर्वीं यंत्र बंद करून त्याच्या झडपा घट्ट लावाव्या, नाहीं तर गाभ्याचे पडदे बिघडतात. वीज फार वेळ गेली व जनित्र नसेल, तर दार उघडून हवा खेळती ठेवावी. थंडावा गेला तर कांहीं नुकसान होईल, परंतु कोंडलेल्या खोलींत पीक व माणूस दोन्ही धोक्यांत येतात.

खोलींत वाफ्याच्या उंचीवर एक कर्बवायुमापक टांगावा व सकाळ-संध्याकाळचा आंकडा वहींत लिहून ठेवावा. पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या शेतकऱ्यास हें अवघड नाहीं. महिन्याभराची वही पाहिली कीं यंत्र केव्हां बिघडूं लागलें तें पीक बिघडण्यापूर्वींच दिसून येतें. सोलन येथें १९८३ सालीं अळिंबी संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें, व पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतही या पिकावर काम चालतें. नवीन खोली बांधणाऱ्यांनीं पैसा घालण्यापूर्वीं अशा ठिकाणीं सल्ला घ्यावा. विजेंत काटकसर अवश्य करावी, परंतु ती हवा कोंडून करूं नये, एवढेंच आमचें शेवटचें सांगणें आहे.