मुळांना हवा देणारी कुंडी

सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी ही ऑर्किड वनस्पती फुलते. अनेक जण तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही. तिला हवा असतो फक्त आधार. तिच्या जाड मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते चंदेरी-पांढरे दिसते. सर आली की पाणी टिपून घेते आणि आतला हिरवा रंग वर येतो. वारा लागला की मूळ पुन्हा कोरडे होते. भिजणे आणि सुकणे या फेऱ्यावरच हे झाड जगते. तेच मूळ कुंडीतल्या घट्ट ओल्या मातीत दाबले की त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजते. म्हणून झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडची कुंडी ती किती पाणी धरते यावर नव्हे, तर मुळांपर्यंत किती हवा पोचवते यावर पारखावी. या कसोटीवर घरी केलेली कुंडी कुठेही कमी पडत नाही.

याला इतिहासाचाही आधार आहे. उष्ण कटिबंधातली ऑर्किडे इंग्लंडमध्ये पोचली, तेव्हा ती बंद काचगृहांत, अनेकदा मातीतच लावली जात आणि मोठ्या संख्येने मरत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ बँक्स यांनी लंडनजवळच्या आयझलवर्थ येथे काटक्या विणून केलेल्या टोपल्यांत, शेवाळाच्या आधाराने ती वाढवली. महागड्या काचगृहातही उपयोगी पडली ती हाताने विणलेली सच्छिद्र टोपलीच.

अशा टोपलीसाठी आपल्याकडे सागवानाच्या उरलेल्या पट्ट्या पुरतात. वीतभर लांबीच्या पट्ट्यांना दोन्ही टोकांशी भोक पाडायचे, दोन उभ्या, त्यांवर दोन आडव्या असे थर रचायचे आणि चारही कोपऱ्यांतून स्टीलची तार ओवायची. तांब्याची तार टाळावी. तांब्याचे क्षार मुळांना अपाय करतात. तळाला बोटभर फटी ठेवून त्या पट्ट्या बसवायच्या आणि आत लाकडी कोळशाचे व विटेचे मोठे तुकडे सैल टाकायचे.

अशी टोपली लवकर सुकते, हा आक्षेप रास्त आहे. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात तिला सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकते. तिथे धुऊन क्षार काढलेले नारळाचे सोडण थोडे मिसळावे. कोकणातल्या आषाढात मात्र हेच लवकर सुकणे झाडाला वाचवते. लाकूड कुजते हेही खरे. पण पट्टी बदलता येते, कुजलेले मूळ पुन्हा जिवंत करता येत नाही. कासच्या पठारावरील हबेनारियासारख्या जमिनीतून उगवणाऱ्या ऑर्किडांना हा नियम लावू नये. त्यांना मातीच हवी. म्हणूनच भांडे करण्याआधी ते झाड रानात कुठे वाढते, हे पाहावे आणि केल्यावर त्याची मुळे पाहावीत. पाणी घातल्यावर हिरवे झालेले मूळ काही तासांत पुन्हा चंदेरी झाले, तर कुंडी जमली.