बुद्धिबळाचे यंत्र आणि न पाहिलेल्या चाली

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राविषयी लोकांत सर्वाधिक रुजलेला समज असा की, ते पटावरील यच्चयावत शक्यता तपासते आणि म्हणूनच चुकत नाही. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातच या समजाचा निकाल लागलेला आहे. चाळीस चालींच्या डावाचे संभाव्य प्रकार त्याच्या अंदाजाने एकावर १२० शून्ये इतके होतात, आणि एवढ्या राशीचा हिशेब पुरा करणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. कोणत्या चाली पाहण्याचे टाळावे, हे ठरवण्यातच यंत्राचे खरे कसब आहे. त्याचे सामर्थ्य आणि दौर्बल्य ही दोन्ही त्याच निवडीतून उगम पावतात.

विश्वनाथन आनंदने जिंकलेल्या १९९८ च्या लिनारेस स्पर्धेतील टोपालोव-शिरोव डाव हा याचा उत्तम दाखला होय. काळ्याची, म्हणजे शिरोवची, चार प्यादी आणि पांढऱ्याची दोन. परंतु दोघांचे उंट परस्परविरुद्ध रंगांच्या घरांवरून चालणारे, आणि अशा स्थितीत दोन प्याद्यांचे आधिक्यही पुष्कळदा बरोबरीतच विरून जाते. सत्तेचाळिसाव्या चालीला शिरोवने आपला उंट एच-३ या घरी, थेट पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. त्याने शह बसला नाही, बदल्यात तत्काळ काही पदरातही पडले नाही; लाभली ती केवळ एका चालीची सवड, आणि तेवढ्या सवडीत काळा राजा एफ-५ वरून ई-४ ला पांढऱ्या राजाच्या अगोदर पोहोचला. पुढे काळ्याची दोन दूरदूरची प्यादी एकट्या उंटाला आवरेनात, आणि त्रेपन्नाव्या चालीला टोपालोवने डाव सोडला. बुद्धिबळाच्या इतिहासात याहून सुंदर चाली थोड्याच असतील, असे मला मनापासून वाटते.

त्या काळच्या यंत्रांना ही चाल सापडत नसे. एखाद्या चालीला एक खणखणीत उत्तर मिळताच तिची उरलेली उत्तरे न तपासण्याची जी ‘अल्फा-बीटा’ पद्धत, ती निर्दोष आहे, कारण तिने अंतिम निर्णय बदलत नाही. वेळ वाचवण्यासाठी सकृद्दर्शनी वाईट दिसणाऱ्या चाली कमी खोलवर तपासण्याची जी दुसरी तजवीज, ती मात्र केवळ अनुमानावर उभी असते. उंट फुकट देणारी चाल यादीच्या तळाशी जाते आणि तिचे फळ त्या उथळ तपासणीच्या पलीकडे राहते.

मग वेग वाढवला की काम भागेल, हा दुसरा समज. १९९७ साली कास्पारोवला हरवणारे ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाहत असे, त्यामुळे तो बळावला. परंतु २०१७ साली ‘अल्फाझीरो’ने सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहून, सुमारे ७ कोटी पाहणाऱ्या ‘स्टॉकफिश’विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. स्टॉकफिशला घातलेल्या अटींवर आक्षेप घेतले गेले व ते रास्तही होते; तरी संख्येची महती त्यामुळे परत येत नाही.

यावरून, अल्फाझीरो ज्याच्या आधारे खेळत असे त्या ‘न्यूरल नेटवर्क’ला अंतर्ज्ञान आहे असे मानणे हाही भ्रमच. ‘लीला’सारखा प्रोग्रॅम प्रत्येक चालीला आधी एक संभाव्यता देतो आणि तपासणीचा वाटा प्रामुख्याने त्यावरून ठरवतो; विचित्र दिसणाऱ्या बळीच्या वाट्याला आरंभी अत्यल्प तपासणी आली, तर ती चाल दीर्घकाळ उपेक्षितच राहते. स्टॉकफिशनेही २०२० पासून स्थितीच्या मूल्यमापनासाठी असे नेटवर्क स्वीकारले, परंतु शोधाची जुनी चौकट सोडली नाही. वाटा निराळ्या असल्या, तरी दोघांचीही नजर काही चालींवरून निसटू शकते.

यंत्राने दाखवलेला आकडा म्हणजे अखेरचा फैसला, हाही समज तपासून घ्यावा. लिनारेसच्या त्या स्थितीत अनेक चालींपुढे काळ्याचे वर्चस्व दाखवणारा आकडा दिसू शकतो, कारण दोन प्यादी जास्त आहेतच. जिंकणारी चाल आणि विजय हातचा घालवणारी चाल यांतील अंतर त्या आकड्यात झाकले जाते. निर्विवाद निकालांची संपूर्ण दप्तरे आज तयार आहेत, पण ती पटावर सात सोंगट्या उरलेल्या स्थितींपर्यंतचीच; शिरोवने उंट उचलला तेव्हा पटावर दहा होत्या.