हरकत कशी घ्यावी?

बोईसर-तारापूर, पालघर या पट्ट्यात नवीन कारखाना किंवा गोदाम येणार अशी बातमी आली की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलांना काम मिळेल. दुसरा म्हणतो, विहिरीचे पाणी जाईल. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने आपल्याकडील अनेक घरांत पगार आणला. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात याच तारापूरला ९३.६९ गुण, म्हणजे देशातील सर्वाधिक प्रदूषणाचे गुण मिळाले. तेव्हा उद्योग हवा की नको एवढाच प्रश्न नाही. तो कोठे व कोणत्या अटींवर यावा, हे ठरताना आपण हजर असतो का, हा खरा प्रश्न होय.

कायद्याने यासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत.

पहिली वाट जमिनीच्या वापराची. कोणती जमीन शेतीची, कोणती वस्तीची, कोणती उद्योगाची, हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील योजनांमध्ये ठरते. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की ३० दिवसांत कोणालाही लेखी हरकत किंवा सूचना देता येते (कलम २६). हरकतदाराचे म्हणणे नियोजन समिती ऐकते (कलम २८). मंजूर योजनेतील किरकोळ फेरबदलासाठी एक महिन्याची मुदत असते (कलम ३७). एखाद्या जमिनीचा विभाग बदलण्याची सूचनाही या कलमाखाली निघू शकते. प्रादेशिक योजनेतील गावांबाबतही फेरबदलापूर्वी हरकती मागवल्या जातात (कलम २०).

दुसरी वाट पर्यावरण मंजुरीची. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. तिची जाहीर नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत मिळावा लागतो. मात्र येथे एक मेख आहे. इमारत-बांधकाम प्रकल्पांना ही जनसुनावणी लागत नाही, म्हणून साध्या गोदामाची सुनावणी होईल या भरवशावर राहू नये. मंजूर औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांनाही यातून सूट आहे. अशा वेळी पहिली वाटच कामाची, आणि ती वेळेत गाठावी लागते.

याने काही साधते का? शेजारच्या डहाणू तालुक्याचे उदाहरण घ्या. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तेथे उद्योगांवर निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. म्हणजे हरकत घेतली की प्रकल्प थांबतोच असे नाही. पण नकार असो वा अट, दोन्ही कागदावरच उतरतात, आणि उद्या अट मोडली तर जाब विचारायला तोच कागद लागतो.

मी बँकेत काम करतो. काउंटरवर तोंडी सांगितलेल्या रकमेची नोंद होत नाही, भरलेली स्लिपच मोजली जाते. हरकतीचेही तसेच आहे. अर्जात नोटिशीचा क्रमांक व तारीख, गाव, गट क्रमांक लिहावा. पाणी, रस्ता, सांडपाणी, रोजगार असा एकेक मुद्दा स्वतंत्र मांडावा. नुसता विरोध न लिहिता काय बदल हवा तेही लिहावे. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी करावी. अर्ज देऊन आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे जरी केले, की वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस वाचून ती वस्तीत समजावून सांगितली आणि मुदतीच्या आत दहा अर्ज लिहून दिले, तरी त्यांच्या शिक्षणाचा उपयोग समाजाला झाला असे म्हणता येईल.