दोन यंत्रांमधली तार ऐकताना

रक्तचाचणीचं यंत्र आणि प्रयोगशाळेतला संगणक अनेक ठिकाणी आजही सिरिअल केबलनेच जोडलेले असतात. यंत्राच्या पडद्यावर निकाल दिसतो, संगणकात मात्र येत नाही. यंत्राचा इंजिनिअर म्हणतो, आम्ही पाठवला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, आमच्याकडे आलाच नाही. रुग्ण बाहेर ताटकळत असतो.

अशा वेळी केबलच्या मध्ये सिरिअल टॅप लावतात.

या सिरिअल जोडणीचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं, टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी. त्याच्या नऊ पिनांच्या कनेक्टरात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवरून डेटा जातो-येतो, पाचवी ग्राउंड. टॅप या दोन्ही डेटा-तारांना एकेक फाटा काढतो आणि ऐकणाऱ्या संगणकाच्या दोन स्वतंत्र पोर्टांच्या रिसीव्ह पिनांना देतो. एका पोर्टाला एकच दिशा ऐकू येते, म्हणून पोर्ट दोन. ऐकणाऱ्याची पाठवण्याची पिन कुठेच जोडायची नाही. ती जोडली तर एकाच तारेवर दोन ट्रान्समीटर भांडू लागतात आणि चालू संवाद बिघडतो.

खरी कसोटी वेळेची असते. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, नेहमीच्या मांडणीत एक अक्षर दहा बिटांचं. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, प्रत्येकाला एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त. पण ऐकणाऱ्या संगणकाला सिरिअल पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर लावावे लागतात, आणि एफटीडीआय चिपचे अडॅप्टर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये थोडासा डेटा १६ मिलिसेकंदांपर्यंत अडवून ठेवतात. तेवढ्यात पंधरा अक्षरं निघून जातात, आणि नोंदीत उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसू शकतं! हा अवधी एक मिलिसेकंदावर आणल्याशिवाय त्या नोंदीवरून कुणालाही दोषी धरू नये.

प्रयोगशाळेतल्या अनेक यंत्रांचा संवाद एएसटीएम या मानक-संस्थेने आखलेल्या नियमांनी चालतो. यंत्र आधी ०५ हा कोड पाठवून विचारतं. समोरून ०६ आला की निकाल चौकटी-चौकटीने जातो, प्रत्येक चौकटीला चूक पकडणारा चेकसम. पंधरा सेकंदांत उत्तर नाही आलं तर यंत्र ०४ पाठवून थांबतं. टॅपच्या नोंदीत ०५ दिसला आणि समोरची बाजू कोरी राहिली, तर यंत्राने हाक मारली होती हे नक्की. मग संगणकाचं पोर्ट आणि सॉफ्टवेअर तपासायचं. चौकटीनंतर हेक्स १५ आला, तर संगणकाने ती नाकारली. दोन्हीकडे अगम्य अक्षरंच उमटली, तर आधी बॉडचा आकडा पाहायचा.

या तारेवर गुप्तलेखन नसतं. रुग्णाचं नाव आणि साखरेचा आकडा टॅपच्या फाइलमध्ये उघड्या अक्षरांत उतरतात, म्हणून ती फाइल रुग्णाच्या अहवालाइतकीच कुलुपात ठेवावी लागते.