सुडोविना स्क्रिप्ट

उबुंटू २२.०४ च्या मशीनवर पायथन ३.१० आधीपासून असतो, पण तो मुलांच्या प्रोजेक्टसाठी ठेवलेला नसतो. टर्मिनल उघडणारी कमांड, यूएफडब्ल्यू फायरवॉल, कमांड चुकली की ‘हे पॅकेज बसवा’ असं सुचवणारा प्रोग्राम, सगळे त्याच्याच जोरावर चालतात.

बिदर जिल्ह्यातल्या सीमेकडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी ३.१२ हवा होता. तो एका स्क्रिप्टनं बसवला, तोवर काहीच बिघडलं नव्हतं. दोन्ही आवृत्त्या एका मशीनवर नीट नांदतात. पण स्क्रिप्टच्या पुढच्याच ओळीनं सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लावून ‘पायथन३’ हे नावच नव्या आवृत्तीकडे वळवलं, आणि ती स्क्रिप्ट लॅबभर चालली. औरादकडचा एक मुलगा सांगत आला, “सर, टर्मिनल उघडेना झालंय.”

कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबलं की खिडक्यांविना नुसतं लॉगिन मिळतं. तिथून पाहिलं. टर्मिनल चालू करणाऱ्या फाइलची पहिली ओळ ‘यूएसआर-बिन’मधला पायथन३ मागते. तिला ३.१२ मिळत होता, आणि खिडक्यांसाठी लागणारी ‘जीआय’ लायब्ररी ३.१० साठी बांधलेली. ‘एपीटी अपडेट’ही ‘एपीटी_पीकेजी’ सापडत नाही म्हणून अडत होतं. ‘पायथन३’चा दुवा पुन्हा ३.१० कडे वळवला आणि दोन्ही सुरळीत झालं. हातानं केलं असतं तर एकच मशीन अडलं असतं, म्हणून स्क्रिप्टला जास्त जपावं लागतं.

नव्या स्क्रिप्टला पहिली अट घातली: सुडो कुठंही नाही. ‘यूव्ही’ हे साधन तयार बांधलेला पायथन मुलाच्या होम फोल्डरमध्येच उतरवतं, आणि प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हेन्व्ह, म्हणजे पॅकेजेसचा वेगळा फोल्डर, मिळतं. नको झालं की फोल्डर पुसायचा. डेबियननं जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं थेट पॅकेज बसवणं मुळातच अडवलं, ते मला फार योग्य वाटतं. ती अडवणूक ओलांडायचा पर्याय दिलेला आहे, पण तो स्क्रिप्टमध्ये कधीच लिहू नये.

दुसरी अट इथल्या लाईटमुळे आली. मध्येच लाईट गेली की अर्धं व्हेन्व्ह मागे उरतं. वेगळ्या नावानं बांधून शेवटी नाव बदलावं म्हटलं, तर व्हेन्व्हच्या फाइलींत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो चुकतो. म्हणून सगळं झाल्यावरच स्क्रिप्ट एक रिकामी खूण-फाइल टाकते. पुन्हा चालवताना खूण नसली, तर अर्धवट फोल्डर पुसून नव्यानं बांधते. पॅकेजेस एकदाच उतरवून लॅबच्या नेटवर्कवर ठेवली आहेत, त्यामुळे इंटरनेट रेंगाळलं तरी काम अडत नाही.

सुरुवातीला आणि शेवटी स्क्रिप्ट सिस्टिमच्याच पायथनकडून ‘एपीटी_पीकेजी’ आणि ‘जीआय’ लोड करून पाहते. यातलं एक जरी लोड झालं नाही, तर ती तिथंच थांबते आणि पुढच्या मशीनला हात लावत नाही.